कोरकू कोणी शिकायची?

पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवण्याच्या निर्णयाविरुद्ध २०२५ साली महाराष्ट्रात रान उठलं आणि २९ जूनला सरकारने ते शासन निर्णय मागे घेतले. त्या दिवसांत मराठी माणूस एकच गोष्ट परोपरीने सांगत होता: सहा वर्षांच्या लेकराला आधी घरच्या भाषेत शिकू द्या, दुसऱ्याची भाषा त्याच्यावर लादू नका. मला तो मुद्दा तेव्हा पटला, आजही पटतो. म्हणूनच तो अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला, मेळघाटात नेऊन पाहावासा वाटतो. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतलं कोरकू लेकरू पहिलीच्या वर्गात येऊन बसतं, तेव्हा त्याच्यासाठी मराठी हीच परकी भाषा असते. तिथे लादणारे आपण असतो.

कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती ऑस्ट्रोआशियाई कुळाच्या मुंडा शाखेतली भाषा आहे. तिची सख्खी भावंडं म्हणजे संथाली, मुंडारी, हो. ती सगळी झारखंड, ओडिशा, बंगालकडे. त्या शाखेतली सर्वांत पश्चिमेला राहिलेली भाषा ही. मराठीशी तिचं नातं शेजाराचं. घरी मिया, बारी, आफई असं मोजायला शिकलेल्या मुलाला शाळेत एक, दोन, तीन पाठ करावं लागतं, आणि त्याला मोजता येत नाही असा शेरा मिळतो.

या विषयावर दोन बाजू आहेत आणि दोन्हींत दम आहे. एकाच आवाजात लेख लिहिला तर एकीवर अन्याय होईल, म्हणून दोन माणसं समोरासमोर बसवली आहेत. दोघंही मी रचलेली, त्यांचे युक्तिवाद मात्र खरे. गुरुजी मूळचे वऱ्हाडातले, मराठी घरातले. मेळघाटात जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून निवृत्त झालेले, आणि कोरकू उत्तम बोलणारे. त्यांची विद्यार्थिनी कोरकू. आता अमरावतीत परिचारिका आहे. तिला सगळे सिस्टर म्हणतात, मीही तेच म्हणतो.

सिस्टर: गुरुजी, आधीच सांगून टाकते. माझ्या दोन्ही लेकरांशी मी मराठीच बोलते. ते आपोआप झालेलं नाही, ठरवून केलं आहे.

गुरुजी: का ठरवलंस?

सिस्टर: पहिली आणि दुसरी, दोन वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही. बाई काय म्हणतात ते कळायचं नाही. फळ्यावरचं उतरवून घ्यायचे, चित्र काढल्यासारखं. लघवीला जाऊ का, हे विचारायला मराठी शब्द सापडेना म्हणून बाकावरच बसून राहिले, आणि पुढे काय झालं ते वर्गाने पाहिलं. ही मुलगी मंद आहे, असं माझ्या वडिलांना सांगितलं गेलं. त्या बाकावर माझी पोरगी बसणार नाही, एवढं मी तिच्या जन्माआधीच ठरवलं होतं.

गुरुजी: तिसरीत तू माझ्या वर्गात आलीस. मी कोरकूत प्रश्न विचारला आणि तू एका दमात पाच वाक्यं बोललीस.

सिस्टर: हो. कारण तुमची बदली आमच्या गावात झाली. शेजारच्या गावात झाली असती तर मी आज कुठे असते? आमच्या शेजारच्या गावच्या पोट्ट्यांना तुम्ही भेटला नाहीत. त्यातले बहुतेक चौथीच्या पुढे गेलेच नाहीत. एका मास्तराच्या भल्या स्वभावावर मी माझ्या मुलांचं आयुष्य कसं सोडू?

गुरुजी: सोडू नकोस. पण मराठी हवी म्हणून कोरकू टाकलीच पाहिजे, हे तुला कोणी सांगितलं?

सिस्टर: बालवाडीच्या बाईंनी. घरी मराठीच बोला, नाहीतर ही मागे पडेल, असं त्या म्हणाल्या. माझ्या सासरच्यांनीही तेच सांगितलं.

गुरुजी: साफ चुकीचा सल्ला. तू स्वतः घरी कोरकू बोललीस, धारणीच्या बाजारात हिंदी, शाळेत मराठी, नर्सिंगला इंग्रजी. मेळघाटातलं साधं लेकरू तीन भाषांत वावरतं. लहान मुलाला दोन भाषा जड होत नाहीत. जड होतं ते काही न कळता वर्गात बसणं.

सिस्टर: तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण बालवाडीच्या दारात उभी असलेली आई शास्त्र बघत नाही, समोरच्या बाईचा चेहरा बघते.

इथे थोडं थांबतो. भाषा टिकवण्याबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं, त्यात घरावर फार भार टाकलेला असतो. जोशुआ फिशमन या भाषाशास्त्रज्ञाने १९९१ च्या आपल्या ग्रंथात मांडलेला विचार आता सगळीकडे मान्य आहे: आई-वडिलांकडून मुलांकडे भाषा गेली तर ती जगते, नाहीतर शाळा, रेडिओ, सरकारी कागद यांतलं काहीही तिला पुरत नाही. विचार खराच आहे. पण त्यातून जो उपदेश निघतो, घरी आपली भाषा बोला, तो ऐकवला जातो तो ज्यांच्याकडे सर्वांत कमी ताकद आहे त्यांना. घराचे निर्णय घराबाहेर ठरतात. बालवाडीच्या बाईंचा चेहरा हे त्यातलंच एक बाहेर.

गुरुजी: तुझी माय अजून गावीच आहे ना? तिला मराठी किती येते?

सिस्टर: बाजारापुरती हिंदी येते. मराठी त्याहून कमी.

गुरुजी: मग नात आणि आजी एकमेकींशी काय बोलतात?

सिस्टर: फारसं बोलत नाहीत. माय तिच्या केसांना तेल लावते, खाऊ घालते. पोरगी हसते. थोड्या वेळाने फोन घेऊन बसते.

गुरुजी: आणि तू नि तुझा नवरा घरात?

सिस्टर: आम्ही दोघं कोरकूतच बोलतो. पैशाचं काही बोलायचं असेल, कोणाचं आजारपण असेल, पोरांच्या कानावर जाऊ नये असं काही असेल, तर हटकून कोरकू.

गुरुजी: म्हणजे लेकरांना कोरकू भेटते ती त्यांना काही कळू नये म्हणून.

सिस्टर: हे तुम्ही बोललात ते मला लागलं. पण खोटं नाही.

गुरुजी: दुखवायचं नव्हतं मला. विचारतोय एवढंच, की असं किती घरांत चालतं?

सिस्टर: माझ्या ओळखीत नोकरीवर असलेल्या बहुतेक सगळ्या. पण म्हणून लगेच भाषा मेली असं कशाला म्हणायचं? जनगणनेचे आकडे बघा. २००१ मध्ये कोरकू बोलणारे सुमारे ५.७४ लाख होते, २०११ मध्ये सुमारे ७.२७ लाख झाले. वाढतोच आहोत की आम्ही. आणि बहुतेक लोक मध्य प्रदेशात आहेत, बैतूल, खंडवा, बऱ्हाणपूर, हरदा. तुम्ही मेळघाट बघून घाबरता.

गुरुजी: आकडा माणसं वाढली म्हणून वाढला. मला सांग, २०११ ला शिरगणतीवाला आला तेव्हा थोरली तान्ही होती. तिची मातृभाषा काय लिहून दिलीस?

सिस्टर: कोरकू. दुसरं काय लिहिणार?

गुरुजी: जनगणनेची व्याख्या अशी आहे, की लहानपणी आई मुलाशी ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा. तू तर तिच्याशी मराठीत बोललीस.

सिस्टर: गुरुजी, ती कोरकू आहे. मी कोरकू आहे. फॉर्मवर मी मराठी लिहिलं असतं तर मला रात्री झोप लागली नसती.

या उत्तरात मला दोन्ही गोष्टी एकदम दिसतात: भाषेवरची माया पक्की आहे आणि भाषेचा वापर सुटला आहे. कागदावर आकडा फुगत राहतो आणि स्वयंपाकघर रिकामं होतं. पंधरा-वीस वर्षांनी ही थोरली स्वतः आई होईल. तिच्याकडे देण्यासारखी कोरकू नसेल, मात्र फॉर्म भरताना तिचाही हात त्याच रकान्याकडे जाईल.

गुरुजी: तुला एक उदाहरण देतो. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळ कोर्लई गाव आहे. पोर्तुगीज तिथून १७४० मध्ये गेले. पण त्यांच्या काळात जन्मलेली एक भाषा त्या गावातल्या ख्रिस्ती वस्तीत अजून बोलली जाते. बोलणारे हजाराच्या आसपास. शब्द पुष्कळसे पोर्तुगीज, वाक्याची ठेवण मात्र मराठीसारखी झालेली, क्रियापद शेवटी. तिला ना शाळा, ना पाठ्यपुस्तक, ना कुठलं मंडळ. चहूबाजूंनी मराठी, तरी पावणेतीनशे वर्षं टिकली. हजार माणसांना जमलं, मग सात लाखांना का जमू नये?

सिस्टर: कशामुळे टिकली ते सांगा ना.

गुरुजी: घरात बोलत राहिले म्हणून.

सिस्टर: आणि घरात का बोलत राहिले? त्यांचं देऊळ वेगळं, म्हणजे चर्च. सोयरीक आपसांत. शेजारच्या गावात त्यांची मुलगी कोणी करणार नाही आणि त्यांच्या घरात कोणी देणार नाही. जातीची आणि धर्माची भिंत होती, त्या भिंतीच्या आत भाषा सुरक्षित राहिली. आमचंही तेच झालं. डोंगर होता, जंगल होतं, रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता. पावसाळ्यात चार-चार महिने गावाचा संपर्क तुटायचा. लेकरं कुपोषणाने जात होती, तेव्हा कोरकू एकदम शाबूत होती गुरुजी. ती भिंत पाडायला मी नर्स झाले. आता भाषा हवी म्हणून भिंत परत बांधू?

गुरुजी बराच वेळ गप्प राहतात, आणि ते मी मुद्दाम तसंच ठेवलं आहे, कारण मलाही याचं झटपट उत्तर सापडलेलं नाही. लहान भाषांचा इतिहास पाहिला तर ज्या टिकल्या त्यातल्या पुष्कळशा एकटेपणामुळे टिकल्या. एकटेपणात गरिबी असते, हेटाळणी असते, बिनऔषधाचे मृत्यू असतात. हे विसरून जो भाषेचं गुणगान करतो त्याच्याशी सिस्टर भांडणारच, आणि भांडावं.

भिंत पडते म्हणजे काय होतं ते मेळघाटातच दिसतं. १९७४ मध्ये मेळघाटात व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक. पुढे प्रकल्पाच्या गाभ्यातली कोहा, कुंड, बोरी अशी गावं उठवून अकोला जिल्ह्यात, अकोटच्या बाजूला सपाटीवर वसवली. जंगलात आसपासची सगळी गावं कोरकू बोलत. सपाटीवर शेताचा मालक, किराणा दुकानदार, एसटीचा वाहक, सगळे वऱ्हाडी. भाषा बदलायला कोणी हुकूम काढावा लागत नाही. शेजार बदलला की पुरे.

सिस्टर: आणि आम्ही कोरकू म्हणजे नुसते गरीब बिचारे, असंही नका समजू. आम्हीही कोणाची तरी भाषा गिळलीच आहे.

गुरुजी: निहालांची.

सिस्टर: हो. बुलढाण्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात निहाल राहतात. माझा मामा सांगायचा, ते आमच्यापेक्षा खालचे. त्यांनी कोरकूंच्या घरी राबायचं, कोरकू बोलायची. त्यांची स्वतःची भाषा आहे हे आमच्या लोकांना माहीत होतं, पण ती चोरांची भाषा म्हणून हसायचे.

गुरुजी: आणि ती भाषा जगातल्या कोणत्याही भाषेची बहीण निघत नाही. द्रविड नाही, मुंडा नाही, आर्य नाही. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणात, १९०६ च्या खंडात तिची नोंद झाली. कायपर नावाच्या डच पंडिताने १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र अभ्यास छापला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनीही तिचं काम केलं. बोलणारे आज दोन-अडीच हजार असतील.

सिस्टर: जनगणनेत तर नावच नाही.

गुरुजी: दहा हजारांच्या खाली असलेल्या भाषांची नावं १९७१ पासून वेगळी छापतच नाहीत. 'इतर' मध्ये जातात.

सिस्टर: बघा म्हणजे. हिंदी मराठीला दाबते म्हणून मराठी ओरडते. मराठी कोरकूला दाबते. कोरकूने निहालीला दाबलं. प्रत्येकाला वरचा दिसतो, खालचा दिसत नाही.

निहालीबद्दल थोडं जास्त सांगावंसं वाटतं. आर्य, द्रविड आणि मुंडा भाषा या भूमीत पसरण्याच्याही आधी इथे माणसं काय बोलत होती, याचा जिवंत धागा बहुधा या दोन-अडीच हजार लोकांच्या तोंडी आहे. तिच्या शब्दांत कोरकूची मोठी भर आहे, मराठी-हिंदीचीही आहे, द्रविड वळणाचे शब्दही आहेत. म्हणजे त्या समाजाने कोणाकोणाच्या छायेत दिवस काढले, ते त्यांच्या बोलण्यातच नोंदलेलं आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. प्राचीनता सिद्ध करायला आपण केवढे ग्रंथ, शिलालेख गोळा केले. त्याच राज्यात याहून जुना असू शकेल असा ठेवा जनगणनेच्या 'इतर' मध्ये पडून आहे, आणि त्याबद्दल आपल्या वर्तमानपत्रांत वर्षाकाठी एखादी बातमीही येत नाही. मला याची लाज वाटते.

गुरुजी: शाळेने हे बदलता येईल, असं मला अजून वाटतं. ओडिशाने २००६-०७ पासून दहा आदिवासी भाषांत प्राथमिक शाळा चालवून दाखवल्या. संथाली, सावरा, कुई, कोया, जुआंग अशा. पहिलीत सगळं घरच्या भाषेत, मग हळूहळू ओडिया, मग इंग्रजी. शिक्षक त्याच समाजातला. आपल्या राज्यघटनेत कलम ३५० अ आहे, १९५६ पासून: भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी. नव्या शैक्षणिक धोरणातही तेच म्हटलंय. कोरकूला तर लिपीचंही भांडण नाही. देवनागरीत सरळ लिहिता येते.

सिस्टर: आणि आयर्लंड? एका कार्यशाळेत तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं.

गुरुजी: हो. १९२२ पासून स्वतःचं सरकार, शाळेत आयरिश सक्तीची. २०२२ च्या त्यांच्या जनगणनेत साडेअठरा लाखांहून जास्त लोकांनी सांगितलं, आम्हाला आयरिश येते. शाळेबाहेर रोज बोलणारे निघाले बहात्तर हजारांच्या आसपास.

सिस्टर: शंभर वर्षं, स्वतःचं सरकार, आणि एवढंच. शाळेत शिकवलेली भाषा शाळेतच राहते गुरुजी. उद्या कोरकूचं पुस्तक आलं तर तोही एक पेपर होईल, दुसरं काय.

गुरुजी: न्यूझीलंडच्या माओरींनी शाळेच्या आधीपासून सुरुवात केली. १९८२ मध्ये बालवाड्या काढल्या, त्यांत शिकवायला आज्या बसवल्या. मधली पिढी भाषा विसरली होती, म्हणून आजीकडून थेट नातवाकडे. पाच वर्षांत माओरी त्यांच्या देशाची अधिकृत भाषा झाली.

सिस्टर: त्यांच्या लेकरांना इंग्रजी आधीच येत होती. जे गमावायचं ते गमावून झालं होतं, मग परत मिळवायला निघाले. आम्हाला अजून मराठी-इंग्रजी हातात यायची आहे. माझ्या थोरलीला मेडिकलला जायचंय. ती प्रवेश परीक्षा मराठीत देता येते, कोरकूत नाही.

गुरुजी: गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. कोणाची वाट पाहिली नाही.

सिस्टर: आणि मान्यतेचं काय झालं?

गुरुजी: तोच झगडा चालला. नोटिसा आल्या, प्रकरण कोर्टात गेलं.

सिस्टर: गाव हिंमत करतं आणि सरकार म्हणतं, तुमची शाळा बेकायदा. मग माझ्यासारखी बाई काय शिकते त्यातून?

मेळघाटात आदिवासींची बाजू घेणारे अनेकजण, मी धरून, ओडिशाच्या उदाहरणावर फार विसंबतो. ओडिशाने जे केलं ते मोलाचं आहे, आणि वर्गातल्या मुक्या दोन वर्षांवर तोच खरा इलाज आहे. पहिलीचा वर्ग घरच्या भाषेत चालला तर मूल शिकतं. भाषा टिकते की नाही हा पुढचा प्रश्न. पण हे दोन प्रश्न आपण एकत्र कालवतो. मुलाला शिकता यावं म्हणून कोरकू वर्गात आणायची, हे त्या मुलाचं हित झालं. कोरकू जगावी म्हणून त्या मुलाने ती बोलायची, हे आपण त्याच्यावर टाकलेलं ओझं झालं. पहिल्या गोष्टीला सिस्टरही नाही म्हणणार नाही.

गुरुजी: बरं, शाळा सोड. तुझ्या वॉर्डात कोरकू लागत नाही?

सिस्टर: रोज लागते. मेळघाटातून बाळंतपणाची अवघड केस आली की आधी मला फोन. रात्री दोनला. डॉक्टर विचारतात, कळा कधीपासून, पाणी गेलं का, आधीचं मूल कसं झालं होतं. बाई नुसती छताकडे बघते. मी कोरकूत दोन वाक्यं बोलले की ती माझा हात धरते आणि सगळं सांगते, भूमकाने, म्हणजे गावच्या वैदूने, काय दिलं तेसुद्धा. गावात हेच काम आशा सेविका करते. आमच्यावाचून डॉक्टर बहिरे.

गुरुजी: या कामाचे तुला काय मिळतात?

सिस्टर: काही नाही. ते माझ्या कामाच्या यादीत नाही. माझ्या जागी दुसरी मराठी सिस्टर असती तर तिलाही तेवढाच पगार.

गुरुजी: मला मेळघाटात नोकरी केली म्हणून आदिवासी क्षेत्राचा प्रोत्साहन भत्ता मिळायचा, वरच्या पायरीची वेतनश्रेणी मिळायची. कोरकू येते का, असं नोकरीभरात एकाही साहेबाने विचारलं नाही. माझ्याबरोबर सतरा वर्षं तिथे काढून एक वाक्य न शिकलेले लोक होते. भत्ता त्यांनाही तोच.

सिस्टर: मग गुरुजी, मला सांगा, कोरकू टिकवायचं काम नुसतं आमचंच का?

गुरुजी: म्हणजे?

सिस्टर: परराज्यातून आलेल्या आयएएस अधिकाऱ्याला मराठीची परीक्षा द्यावी लागते. बरोबर आहे, लोकांचं काम करायचं तर लोकांची भाषा हवी. मराठी कर्मचाऱ्याला हिंदीची परीक्षा द्यायला लावायचा नियमही या राज्याने वर्षानुवर्षं पाळला. त्यासाठी भाषा संचालनालय, एतदर्थ मंडळ, सगळी यंत्रणा आहे. मग धारणीत नेमलेल्या तलाठ्याला, ग्रामसेवकाला, शिक्षकाला, डॉक्टरला, वनरक्षकाला कोरकूची परीक्षा का नाही? दोन वर्षांत पास व्हा, नाहीतर भत्ता बंद.

गुरुजी: लोक बदलीच मागतील.

सिस्टर: मागू देत. जे राहतील ते ऐकणारे असतील. आणि माझ्या माणसांना मग दिसेल, की पोलीस पाटलाशी, साहेबाशी, बँकेत आपलीच भाषा चालते. घरी आपली भाषा बोला, हे मला कोणी सांगायची गरज पडणार नाही. साहेबाला जी शिकायला मेहनत पडते ती भाषा माझी थोरली स्वतः माझ्याकडे मागेल. आणि तिला त्याच्यावर नोकरीही मिळेल.

मला विचाराल तर सगळ्या संवादात हाच मुद्दा सर्वांत जड आहे. अल्पसंख्यांची भाषा जपण्याची चर्चा नेहमी त्या भाषकांच्या कर्तव्यांची होते: त्यांनी बोलावं, मुलांना शिकवावं, गाणी गोळा करावीत. शेजारच्या बलदंड भाषेच्या माणसाने काय करावं, हा रकाना कोराच. मराठी माणूस मुंबईत परप्रांतीयाला म्हणतो, इथे राहायचं तर मराठी शिक. ही मागणी मला रास्त वाटते. मग तीच रास्त मागणी मेळघाटात आपल्यालाही लागू होते. तिथे नेमलेला मराठी माणूस हा कोरकूंच्या गावात आलेला परप्रांतीयच असतो, एवढंच की सरकार त्याच्या बाजूचं असतं.

गुरुजींना ही कल्पना आवडली, पण ते शिक्षक आहेत. त्यांच्या डोळ्यांसमोर लगेच गाईड, कॉपी आणि पाठ केलेली दहा वाक्यं उभी राहिली. धारणीकडची कोरकू आणि बैतूलकडची कोरकू यांत फरक आहे, मग परीक्षेची कोरकू कोणती, हेही त्यांनी विचारलं. सिस्टरने ते सरळ उडवून लावलं: ज्या तालुक्यात नोकरी, त्या तालुक्याची.

गुरुजी: ठीक. पण तुझ्या धाकट्याचं काय? परीक्षा येईल तेव्हा येईल. तो आता सहा वर्षांचा आहे.

सिस्टर: तुम्ही मला यात धरू पाहताय, पण आज मी तुम्हाला वचन देणार नाही. मी एकटीने कोरकू बोलायची, आणि त्याने शाळेत हेटाळणी सोसायची, हे मला मान्य नाही. उन्हाळ्यात मात्र दोघांना महिनाभर मायकडे पाठवणार आहे. फोन ठेवून घेईन.

गुरुजी: महिन्यात ऐकायला शिकेल, बोलायला नाही.

सिस्टर: माहीत आहे. ऐकू दे आधी.

गुरुजी: तुझ्या त्या परीक्षेचा कागद मी करून देतो. पण लेखी नको. लेखी झाली की गाईड निघालंच.

सिस्टर: तोंडीच हवी. गावात जाऊन. बाळाला ताप कधीपासून आहे, सातबारावर नाव कोणाचं, पोरगं शाळेत का येत नाही, असलं बोलता आलं पाहिजे. कोरकू भाषेची वैशिष्ट्यं सांगा, असला प्रश्न नको.

गुरुजी: मग तपासणार कोण? तेवढी कोरकू येणारे अधिकारी आणायचे कुठून?

सिस्टर: अधिकारी कशाला? गावातल्या बाया बसवा, माझ्या मायसारख्या. यांना समोरच्याचं बोलणं कळलं तर साहेब पास.

गुरुजी: त्या दिवशी त्यांची मजुरी बुडेल.

सिस्टर: नुसती मजुरी नाही द्यायची. विद्यापीठातल्या परीक्षकाला जे मानधन देतात, तेवढंच त्यांनाही. प्रवासभत्त्यासकट.